फाटकावरचा प्रश्न

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आमच्या शाळेच्या ऑटोवाल्या काकांचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गुढियारीचं रेल्वे फाटक लागलं की ते इंजिन बंद करून शेजारी बसलेल्या मला विचारत, “काय शिकला रे आज, पोट्ट्या?” मी दप्तर उघडलं की हात धरत. “वहीतलं वहीचं. तोंडानं सांगशील तेवढंच तुझं.”

मागून धाकटी बहीण म्हणायची, “मले बी विचारा ना, काका.” तेवढ्यात फाटक उघडायचं.

मी घरातला पहिला पदवीधर झालो. ती नववीत दोनदा नापास होऊन घरी बसली.

‘ऑटोवाले काका’ एवढंच नाव घालून मी स्टँडवर पत्र पाठवलं: “काका, तुमच्या प्रश्नामुळे मी शिकलो. तोच प्रश्न घरी धाकट्या बहिणीला विचारायला मी होतो. एकदाही विचारला नाही.”