अल रुवैसहून व्हेल शार्क बघायला, आणि बाबाचं नवं ऑफिस

व्हेल शार्क बघायला जाऊ या, असं मी घरात म्हटलं ते अर्धंच खरं होतं. निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नोकरी चालून आली होती. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. दोह्यातलं काँट्रॅक्ट संपत आलेलं, नाही म्हटलं तर गाशा गुंडाळून पुणे. रविवारी उत्तर द्यायचं होतं. व्हेल शार्क नेमके त्या प्लॅटफॉर्मांच्या आसपासच येतात. म्हटलं, हा माणूस राहणार कुठे ते एकदा डोळ्यांनी बघू, नाहीतर मी घरी बसून काळजीनेच मरायची.

शुक्रवारी पहाटे दोह्यातल्या आमच्या अल दुहैलहून निघालो. शमाल रोड सरळसोट, तासाभरात कतारच्या उत्तर टोकाचं अल रुवैस बंदर. वाटेत पेट्रोल पंपावर कडक चहा घ्या, पण एकच, कारण बोटीवरचं टॉयलेट म्हणजे कपाट आहे. कतार आयडी विसरू नका. उलटीची गोळी बोटीत चढायच्या आधी घ्या. तिकीट चांगलंच महाग, जेवण त्यातच. तरी मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्याच.

किनारा दिसेनासा झाला. आमची नऊ वर्षांची सानवी रेलिंगवर ओणवी. तिच्या लाइफ जॅकेटचा पट्टा मी धरला तो परत येईपर्यंत सोडला नाही. निखिल मात्र शांत. गेले काही आठवडे तो असाच शांत होता, "होईल गं सगळं" म्हणत, आणि मला त्याचाच राग यायचा.

कॅप्टनने इंजिन मंद केलं. पाण्याखालून ठिपक्याठिपक्यांची एक भलीमोठी पाठ वर आली, मग दुसरी, मग मोजणंच सोडलं. माशांची अंडी खातात, माणसाच्या वाटेला जात नाहीत, असं कॅप्टनने हिंदीत दोनदा सांगितलं, बहुतेक माझा चेहरा बघून. खरं सांगते, तेवढा वेळ मी सगळं विसरले.

सानवीने लांब बोट दाखवलं. धुरकट उजेडात लोखंडी सांगाडा, वर ज्वाला.

"बाबा, इज दॅट युवर न्यू ऑफिस?"

निखिलने रेलिंग घट्ट धरलेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला नाही जमायचं गं इथे. ऑफर आली त्या दिवसापासून भीती वाटतेय. तुम्हाला परत जावं लागेल म्हणून बोललो नाही."

मी पुऱ्यांचा डबा उघडून त्याच्यापुढे धरला.

परतताना अल जुमैलच्या ओसाड किनाऱ्यावर जरूर थांबा. ओहोटीला खेकडे आणि शंख भरपूर. सानवी त्यांच्यामागे धावत होती आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच पुण्याचं बोललो, भाड्याचं, शाळेचं.

रविवारी त्याने नकार लिहिला आणि फोन माझ्या हातात दिला. बटण मी दाबलं. काळजी काही संपली नाही. त्याला पुण्यात नोकरी मिळेल का, या विचाराने आता झोप उडालीय. काल सामानाचे खोके आणले, तेव्हा सानवीने इंग्रजीतच विचारलं, पुण्यात व्हेल शार्क असतात का.

"नाही गं," मी म्हटलं. "पण बाबा असेल. रोज."