पोरसाची फौज, मुक्काम हडपसर

शमशुद्दीनभाईंनी हडपसरला तीस वर्षं गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवल्या. मग कारखान्यातल्या तयार प्लेटी सक्तीच्या झाल्या आणि त्यांचं काम बसलं. त्याच सुमारास धायरीचा जयसिंग नावाचा इंजिनिअर बोटाच्या पेराएवढे दोनशे धातूचे सैनिक घेऊन आला. टेबलावर जुन्या लढाया खेळायचा त्याला नाद होता.

“काका, ही पोरसाची फौज, सिकंदराशी लढलेली. रंगवाल?”

शमशुद्दीनभाईंना चार महिने लागले. दोनशे चेहरे आणायचे कुठून, म्हणून त्यांनी ओळखीचीच माणसं घेतली. एका भालेवाल्याला मेहुण्याचा, जब्बारचा, चेहरा दिला. त्यांच्या बायकोनं, कमरजहांनं, भिंगातून बघून सांगितलं, “इतका बारीक नाही तो.”

फौज तयार झाल्यावर जयसिंगनं त्यांना रविवारी खेळ बघायला बोलावलं. फासे पडले आणि पहिल्याच हल्ल्यात जब्बार मेला. जयसिंगनं त्याला उचलून खोक्यात टाकलं. खण्णकन आवाज झाला. शमशुद्दीनभाईंनी वाकून त्याला खोक्यातून बाहेर काढलं.

“अहो, मेलाय ना तो? मग आपटताय कशाला? रंग उडतो.”

जयसिंग ओशाळला.

तेव्हापासून शमशुद्दीनभाई दर रविवारी धायरीला जातात. मांडीवर ताट, ताटात मऊ फडकं. दोन्ही बाजूंचे मेलेले त्यांच्याकडे येतात, आणि ते एकेकाला हळूच उताणं निजवतात. परवा सिकंदराकडून खेळणाऱ्यानं एक मेलेला वरूनच ताटात टाकत विचारलं, “काका, आमचेही रंगवाल?”

“रंगवेन,” ते म्हणाले. “आधी नीट मारायला शिका.”