नाटकातल्या मरणाचा कडू घास

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. रक्कम अकराशे रुपये. हजर: मी, माझी बायको, आमची मुलगी आणि महागावहून आलेले नवऱ्या मुलाचे वडील व मामा. लग्नाची बोलणी झाली आणि त्यांनी ती रक्कम शकुन म्हणून मुलीच्या हातावर ठेवली. मुलीने ती तशीच माझ्यापुढे ठेवली आणि चहाचे कप उचलून आत गेली.

तिला समोरच्या घरातला मुलगा हवा होता. हे तिने मला सरळ सांगितलं होतं, मीही सरळ नाही म्हटलं होतं. त्यांच्या आणि आमच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, एकच. त्या धुऱ्यावरच्या हातभर जमिनीवरून नऊ वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. गल्ली बारा फुटांची. त्यांच्या फोडणीचा वास आमच्याकडे यायचा, माणूस येत नव्हतं.

त्याच महिन्यात मुलीच्या कॉलेजचं संमेलन होतं. नाटक जुनंच, सगळ्यांना माहीत असलेलं. दोन वैरी घरांतले मुलगा आणि मुलगी चोरून लग्न करतात. घरच्यांनी दुसरीकडे ठरवलेलं लग्न टळावं म्हणून मुलगी मेल्यासारखी झोप आणणारं औषध घेते. मुलाला तसा निरोप पोचत नाही. तो तिला मेली समजून विष पितो, आणि जागी झाल्यावर तीही त्याच्यामागे जाते. सरांनी ते आपल्याकडच्या दोन कापूसवाल्यांच्या घरांत बसवलं होतं. मुलगी आमची होती. मुलगा समोरचा. हे मला खुर्चीवर बसल्यावर कळलं.

दुपारची वेळ होती. मंडपाचं कापड पिवळं, त्यातून ऊन झिरपत होतं आणि सगळी माणसं हळद लागल्यासारखी दिसत होती. रस्त्याने कापसाच्या गाड्या जात होत्या. त्यातला एखादा पुंजका वाऱ्याने आत यायचा आणि कुणाच्या तरी डोक्यावर सावकाश उतरायचा. मला अधूनमधून डुलकी लागली असावी, कारण ती दुपार मला सलग आठवत नाही. आठवते ती माझी मुलगी, पांढऱ्या चादरीखाली उताणी निजलेली, चेहरा हळदीचा. एक पुंजका तिच्या ओठाजवळ उतरला आणि हलला नाही. ती श्वास रोखून आहे हे मला ठाऊक होतं. तरी मी त्या कापसाकडे बघत राहिलो, तो हलावा म्हणून.

मुलाने बाटली तोंडाला लावायची होती. तो लावेना. नुसता तिच्याकडे बघत बसला.

"पी ना बे, थंडा होऊन राह्यला!" मागून कोणीतरी ओरडलं. लोक हसले. मग तो प्यायला, आणि कोणी हसलं नाही.

शेवटी दोन्ही बाप प्रेतांवरून एकमेकांचा हात धरतात. पोरं गेल्यावर केलेली तडजोड मला व्यवहाराला धरून वाटली नाही.

नाटक संपताच बायको ऑटोने आमच्याआधी घरी पोचली होती. पाण्याची बादली आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन ती दारात उभी होती.

"थांबा तिथंच. पाय धुवा अन् हे पान चावा." मयतीवरून आल्यावर करतात तसं.

"आई, मी जित्ती आहो ना वं!" मुलगी म्हणाली.

"मंग माह्या डोयासमोर मेली कायले?"

मुलीने पान चावलं. मीही चावलं.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि मुलाची आई गल्ली ओलांडून आली. हातात पिठलं-भाकरीचा डबा. ज्या घरात मयत होते तिथे चूल पेटत नाही. शेजारी पहिलं जेवण आणतात, त्याला कडू घास म्हणतात. भांडण असलं तरी तो परत पाठवत नाहीत.

"कडू घास आणला, बाई," ती माझ्या बायकोला म्हणाली.

"नाटकातलं मरण ते," मी म्हटलं. "त्याले कायचा कडू घास?"

"मेली ते म्या पाह्यली जी. रडली बी." मग पुन्हा बायकोकडे वळून, "अन् माहाबी पोरगा मेला. माह्या घरी कोन आणन?"

बायकोने डबा घेतला, तिला बसायला सांगितलं आणि आत जाऊन परात ओढली.

"आपल्या घरी तं चूल पेटत नसते ना आज?" मी विचारलं.

"त्यायच्यासाठी करून राह्यली," ती म्हणाली. "आपल्यासाठी नाही."

भाकरी थापल्याचा आवाज गल्लीपर्यंत जात होता. तिच्या घरासाठीच्या भाकरी घेऊन समोरची बाई गेली, तेव्हा आम्ही जेवायला बसलो. पिठल्यात मीठ जरा जास्त होतं. मुलीने पहिला घास हातातच धरून ठेवला होता. ती माझ्याकडे बघत होती. कापसाचा एक धागा अजून तिच्या केसांत होता.

"खा," मी म्हणालो. "मी जातो महागावले."

फोनवर सांगणं बरं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः गेलो. मुलीचं मन दुसरीकडे आहे, एवढंच सांगितलं. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी अंगणातल्या कापसाच्या ढिगावरची ताडपत्री नीट केली.

"आताच सांगतलं ते बरं केलं," ते म्हणाले.

अकराशे रुपये मी त्यांच्या हातात दिले. बोलणीला येण्याचं गाडीभाडं म्हणून वर सहाशे दिले. सहाशे त्यांनी माझ्या खिशात परत घातले. अकराशे मोजून घेतले.