सव्वा लाखाची फी आणि बारा हजारांचा पगार

दुपारपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथं लिहितेय.

मी गारखेड्यातल्या एका छोट्या दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. आज फुलंब्रीच्या एक मावशी नेहमीसारख्या डायलिसिसला आल्या. सोबत बारावी झालेली नात, प्रज्ञा. मी मशीन लावत असताना तिनं विचारलं, "ताई, मी पण हाच कोर्स करू का? फी सव्वा लाख आहे. पगार किती मिळतो?"

"तीन वर्षं काम करूनही मला महिन्याला बारा हजारच मिळतात. त्यातून खोलीचं भाडं जातं," मी खरं ते सांगितलं.

"मग सोडत का नाय?"

"दुसरीकडंही एवढाच पगार देतात. आणि दुसरं काम मला येत नाही."

तेवढ्यात मावशींनी माझा हात धरला. "तू नको जाऊ गं बाई. तुझी सुई दुखत नाय. बाकीच्यांनी हाताची लई चाळण केली."

बरं वाटायला हवं होतं. पण पाय आणखीच अडकल्यासारखे वाटले.

निघताना प्रज्ञा म्हणाली, "परवा येते. तुम्ही व्हय म्हणलात तर पप्पा फी भरतील."

नको म्हणावं, तर मावशींसारख्यांना सुई कोण लावणार? हो म्हणावं, तर तीही अशीच अडकेल.

माझ्या जागी तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?