खटका नसलेलं दार

नानांच्या पिकअपमध्ये बसणं कुणालाही जमत असे. उतरणं मात्र नानांच्या हातात होतं. डावीकडच्या दाराला आतून उघडायचा खटकाच नव्हता. गाडी थांबली की नाना इंजिन बंद करत, आपल्या बाजूने उतरत, बॉनेटला वळसा घालून येत आणि बाहेरून दार उघडून किंचित झुकत. आत बसलेल्याला वाटे, हा आपला मान आहे. नानांनी हा गैरसमज बरीच वर्षं काळजीपूर्वक सांभाळला.

नाना मंडप डेकोरेटर. कोपर स्टेशनजवळ आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं घर होतं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांबू, कापडाचे तागे आणि खुर्च्या. झालरी शिवायचं काम त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं. कुठल्या निळ्याशेजारी कुठला पिवळा बसतो आणि मंडप कुठल्या कोपऱ्यात लोंबतोय, हे पाहणारी नजरही काकूंचीच. त्या बोट दाखवत आणि कामगार शिडी तिकडे नेत. नाना त्या वेळी यजमानांशी बोलत असत.

“झाकलं की झालं,” असं नाना म्हणत, आणि ते त्यांचं पूर्ण तत्त्वज्ञान होतं. गळक्या हॉलचं छत त्यांनी साटिनने झाकलं होतं. एका सत्कारात बॅनरवर उत्सवमूर्तीचं आडनाव चुकलं, ते त्यांनी झेंडूच्या माळेने झाकलं. एका उद्घाटनाला उघड्या गटारावर प्लास्टिकची हिरवळ अंथरली. प्रमुख पाहुणे त्यावरून सुखरूप गेले; त्यांच्यामागचा कार्यकर्ता गेला नाही. घरातही तीच पद्धत होती. भिंतीला ओल आल्याचं काकूंनी सांगितलं की दुसऱ्या दिवशी तिथे पडदा लागे.

दाराचंही असंच झालं. पिकअप जुनी, दाराचं आतलं पॅनेल हार्डबोर्डचं आणि त्यावर करडं रेक्झिन. काचेच्या रबरातून पाणी झिरपून हार्डबोर्ड फुगला, खालच्या बाजूने पापुद्रे सुटले, क्लिपांनी जागा सोडली. दुसऱ्या कुणी नवं पॅनेल बसवून घेतलं असतं. नानांकडे स्टेजचा प्लायवूड पडून होता आणि एका लग्नातली मरून मखमल उरली होती. त्यांनी प्लायवूड दाराच्या मापाने कापला, त्यावर स्पंज लावला, स्पंजावर मखमल, कडेने सोनेरी लेस आणि मधोमध जरीचा मोर. खटक्याची जागा नेमकी मोराच्या मानेवर येत होती. नानांनी मोर ठेवला आणि खटका काढला.

“अहो, मी उतरायचं कसं?” काकूंनी विचारलं.

“पाहुण्याने स्वतः दार उघडलेलं बरं दिसतं का?”

“मी पाहुणी आहे?”

“मग तू काचेतून हात घाल आणि बाहेरून उघड. घरच्या माणसाला काय एवढं!”

काढलेला खटका वाया जाऊ नये म्हणून त्यांनी तो काकूंच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरला मूठ म्हणून बसवला. उजवीकडच्या दाराचा खटका त्यांनी तसाच राहू दिला. ड्रायव्हरला मान नसतो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

धंद्याला या दाराचा फायदा झाला. टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीतल्या मंडळाची नवरात्राची ऑर्डर ही नानांची सर्वांत मोठी. त्या मंडळाच्या अध्यक्षांची स्वतःची एसी गाडी होती, तरी जागा पाहायला ते नानांच्या पिकअपमधूनच येत. गाडी थांबे, गल्लीतले लोक वळून पाहत, नाना वळसा घालून येत, दार उघडे, आणि अध्यक्ष मोराच्या पार्श्वभूमीवर काही क्षण दिसून मग उतरत. वर्तकनगरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त अधिकारी, एकदा या सीटवर बसले असताना नाना त्यांना विसरून चहाच्या टपरीवर गप्पा मारत राहिले. सेक्रेटरींनी हाक मारली नाही. ते व्यासपीठावर बसल्यासारखे समोर पाहत बसून राहिले. नाना परतल्यावर ते म्हणाले, “मी जरा विचार करत होतो.”

दर हंगामात जुन्या कापडावर नवं कापड चढत गेलं. मरूनवर हिरवं साटिन, हिरव्यावर पांढरी जरी, मध्ये प्रत्येक वेळी थोडा स्पंज आणि सर्वांत वर पुन्हा तोच मोर. दार इतकं जाड झालं की काच खालीवर करायचं हँडल स्पंजात रुतलं आणि काच पूर्ण वर चढलेलीच राहिली. आता काकूंचा हात बाहेर जाईना. त्याही अध्यक्षांसारख्या दार उघडेपर्यंत बसू लागल्या. फरक इतकाच, की नाना त्यांना वारंवार विसरत.

कल्याणला कापड आणायला गेले असताना ते घडलं. नाना दुकानदाराशी बोलत होते, काकू गाडीत होत्या. डॅशबोर्डखाली वायर जळून धूर यायला लागला. काकूंनी उजवीकडे सरकून पाहिलं, पण गिअरच्या दांड्यापलीकडे ड्रायव्हरच्या सीटवर कापडाचे तागे रचलेले होते. त्यांनी दारावर मुठी आपटल्या. शेवटी समोरच्या फुलवालीने धूर पाहून बाहेरून दार उघडलं. काकूंना इजा झाली नाही. खोकला मात्र बराच वेळ थांबला नाही.

“अगं, हाक मारायची!” नाना धावत येऊन म्हणाले.

“मारली. दारही वाजवलं. तुमच्या स्पंजातून आवाज बाहेर जाईल तर ना!”

काकू रिक्षाने घरी आल्या. संध्याकाळी त्यांनी एवढंच सांगितलं, “दाराला खटका लागेल त्या दिवशी बसेन. तोवर झालरी घरून शिवून देईन, जागेवर येणार नाही.”

नानांनी आधी हे मनावर घेतलं नाही. मग एका बारशाचा मंडप त्यांनी एकट्याने उभारला. तो पाहून यजमानांच्या आईने विचारलं, “याला काय झालंय? आजारी आहे का?” नवरात्र जवळ आलं होतं. काकूंच्या नजरेशिवाय टेंभी नाक्याचा मंडप उभा राहणार नाही, हे नानांना कळत होतं. पण पॅनेल उचकटलं तर अध्यक्ष स्वतःच्या हाताने उतरणार, हेही कळत होतं. त्यांनी मधला मार्ग काढला. आधी सीटशेजारी पूजेची घंटा बांधली. काकूंनी ती सोडवून देवघरात ठेवली. मग मोराच्या मानेवर एक सोनेरी हँडल लावलं.

काकू खाली आल्या, गाडीत बसल्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि हँडल ओढलं. ते हातात आलं. ते फक्त चिकटवलेलं होतं. नानांनी बाहेरून दार उघडल्यावर काकूंनी हँडल त्यांच्या तळहातावर ठेवलं.

“हे मंडपात लावा,” त्या म्हणाल्या. “तिथे कुणी आत अडकत नाही.”

दुसऱ्या सकाळी नानांनी पिकअप इक्बालभाईंकडे नेली. इक्बालभाई गाड्यांची सीटकव्हरं आणि पॅनेल्स करत. त्यांनी पांढरी जरी फाडली, हिरवं साटिन फाडलं, मखमल फाडली, ओला स्पंज पिळून पाहिला आणि विचारलं, “नाना, ये दरवाजे में गद्दा है, या गद्दे में दरवाजा?” प्लायवूड निघाल्यावर पत्रा उघडा पडला. आत खटक्याला जोडायची सळई गंजून लोंबत होती, पण शाबूत होती. इक्बालभाईंनी पत्र्याला आतून प्लास्टिक चिकटवलं, म्हणजे पाणी आत आलं तरी पॅनेलला लागणार नाही. नवा हार्डबोर्ड कापला, त्यावर साधं काळं रेक्झिन ताणून बसवलं, नव्या क्लिपा लावल्या. काच खालीवर फिरू लागली. फक्त खटका मिळेना. एवढ्या जुन्या मॉडेलचा कुठल्याच दुकानात नव्हता.

नाना घरी येऊन काकूंच्या मशीनसमोर बसले. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि बंद केला. पुन्हा उघडला.

“काय हवंय? कात्री?” काकूंनी विचारलं.

“नाही.”

“मग बोला की!”

“ती मूठ,” नाना म्हणाले.

काकूंनी मशीनचा छोटा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्वतःच्या हाताने खटका सोडवून दिला. ड्रॉवरला त्यांनी सोनेरी लेसचा तुकडा बांधला.

टेंभी नाक्याचा मंडप त्या वर्षी उत्तम झाला. काकूंनी जागेवर उभं राहून दोन कोपरे उतरवून घेतले आणि पुन्हा बांधायला लावले. त्याआधी जागा पाहायला अध्यक्ष नेहमीप्रमाणे पिकअपमधून आले. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, मागे बसचा हॉर्न वाजायला लागला, अध्यक्ष समोर पाहत बसून राहिले. पूर्वी नानांनी बस थांबवून ठेवली असती. या वेळी ते म्हणाले, “साहेब, खटका आहे आता. ओढा.”

अध्यक्षांनी आधी काचेचं हँडल फिरवलं, मग सीटचा पट्टा ओढला, आणि शेवटी खटका सापडून उतरले. गल्लीतल्या कुणीही वळून पाहिलं नाही. “गाडीचं जरा बघा, नाना,” ते जाताना म्हणाले. “पूर्वीसारखी राहिली नाही.” पुढच्या वर्षी ऑर्डर दुसऱ्या डेकोरेटरला गेली. त्याच्याकडे दार उघडायला वेगळा माणूस होता.

“गेली ऑर्डर?” काकूंनी विचारलं.

“गेली.”

“बरं. कल्याणला चला, झालरीचं कापड संपलंय.”

नानांची एक सवय शेवटपर्यंत गेली नाही. गाडी थांबली की ते उतरून डावीकडे निघत. तोवर काकू खटका ओढून खाली आलेल्या असत. त्यामुळे दोघं दर वेळी बॉनेटसमोर भेटत. नाना म्हणत, “थांबली असतीस जरा.” काकू म्हणत, “बरीच वर्षं थांबले,” आणि चालू लागत.

नाना गेले त्यानंतर पिकअप इमारतीमागे तशीच उभी राहिली. शेवटी काकूंनी ती भंगारात द्यायचं ठरवलं. भंगारवाला आला तेव्हा काकू गाडीत डाव्या सीटवर बसल्या होत्या. त्याने दाराकडे हात नेला.

“राहू दे रे,” काकू म्हणाल्या. “मी उघडते.”

त्यांनी खटका ओढला, खाली उतरल्या, चालत बॉनेटसमोर आल्या आणि तिथे थोडा वेळ थांबल्या.