पार्बताबाईच्या वाटणीचा धुरा

धुऱ्यावरून चालताना पार्बताबाईच्या चपला हातात असायच्या. धुरा म्हणजे धानाच्या दोन शेतांमधला मातीचा बांध. खेकड्याचं बीळ दिसलं की ती टाचेनं दाबून बुजवायची आणि खेकड्याला दम भरायची, "जाय बापा, दुसरं घर पाय. इथलं पानी माह्या धानाचं हाये."

मी वरोऱ्याची, कापसाच्या सपाट रानात वाढलेली. लग्न होऊन ब्रह्मपुरीकडे आले आणि धान रोवण्याच्या दिवसांत शेत पाहायला निघाले, तेही उंच टाचांची सँडल घालून! धुऱ्यावरून सरळ चिखलात बसले. शेजारच्या शेतातून पार्बताबाई ओरडली, "अवो वरोऱ्यावाली, आमी धान रोवतो! तू काऊन सोताले रोवून राह्यली?"

पुढे तिच्या दोन पोरांनी, शामराव आणि देविदासनं, शेत वाटून घेतलं. मध्ये नवा धुरा पडला. नांगरताना दोघंही आपापल्या बाजूनं तो थोडा थोडा कोरायचे. शेवटी ऐन पावसात धुरा फुटला, धान वाहून गेलं, आणि भावांचं बोलणं बंद झालं.

पार्बताबाईनं चार माणसं बोलावली. "वाटनीत माहा हिस्सा कुठी हाये?"

"माय, तुले खायले आमी देऊ ना," शामराव म्हणाला.

"खायले कोन मांगते? मले धुरा पायजे."

सगळे हसले. सर्वांत जास्त मी! म्हातारीला मागताही येत नाही, मी असते तर खोलगटातली पाणी धरणारी जमीन मागितली असती, असं घरी येऊन सांगितलं. केवढी हुशार होते मी!

तिनं घमेल्यानं माती टाकून धुरा रुंद केला, त्यावर तूर लावली. नांगर जवळ आला की आडवी बसायची. "चालव रे, मायच्या मांडीवरून चालव!" कोणाची हिंमत झाली नाही. तुरीची डाळ दोन्ही घरी जायची. बोलणं मात्र बंदच.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. आता धुऱ्यासाठी डोकी फुटणार, म्हणून पेरणीच्या दिवसांत हातातली कामं टाकून मी तमाशा पाहायला गेले. एका टोकाकडून शामराव तूर लावत येत होता, दुसऱ्या टोकाकडून देविदास. मधोमध दोघं समोरासमोर थांबले.

शामरावनं भावाची ओळ पाहिली. "दूर दूर लाव बे. दाट होऊन राह्यली."

"हो भाऊ," म्हणत देविदास खाली बसला आणि नुकतेच लावलेले दाणे उकरून काढू लागला.