मऊ खेकड्याचा पहारा

माझ्याकडे एक जादूचा खेकडा होता. बैलगाडीच्या चाकाएवढा, जांभळा, आणि पाठीतून कंदिलासारखा उजेड देणारा. हे मी कामशेतच्या दुकानात कुणाला सांगितलेलं नाही. तिथं मला थोडा मान आहे.

दुकान खता-बियाण्यांचं. गेली बावीस वर्षं मी तिथं उभा राहून कशाला कशानं जोर येतो ते लोकांना सांगतो. ‘भाऊ, भात पिवळं पडलंय, काय टाकू?’ ‘भाऊ, वांगं फूल धरंना, काय टाकू?’ मी फळीवरून पुडी काढतो. काहीच टाकू नका, आठ दिवस थांबा, असं बऱ्याचदा मनात येतं. पण तेवढं सांगायला कुणी दुकान उघडत नाही.

त्यामुळे फाल्गुनात आमची मुलगी पुण्यातली नोकरी सोडून दोन बॅगा घेऊन लोणावळ्याला परत आली आणि ‘मला थोडे दिवस काही विचारू नका’ म्हणून खोलीत गेली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच. काय टाकू?

बायकोनं काही विचारलं नाही. मी दीड दिवस विचारलं नाही. मग भिजवलेले बदाम सुरू केले. मग चहाच्या कपाखाली नोकरीच्या जाहिरातीचं कात्रण ठेवू लागलो. मग दुसऱ्यांच्या मुलींची प्रगती, भिंतीकडे तोंड करून, मोठ्यानं. बदाम खाल्ले जात, कात्रणावर कपाचा गोल उमटे आणि दार लागे. सव्वीस वर्षांची मुलगी. जेवायला बाहेर येई, ‘हं’ आणि ‘नको’ एवढे दोन शब्द बोले आणि आत जाई. तिची ऑफिसची बॅग दारामागच्या खिळ्याला आल्या दिवशी अडकवली होती तशीच लोंबत होती, ओळखपत्राच्या निळ्या पट्टीसकट. येता-जाता मला ती दिसे आणि माझा हात फळीकडे जाई, पुडी शोधत.

ज्येष्ठातल्या एका रविवारी दुपारी ती खोलीतून एक डबी घेऊन बाहेर आली. डबीत फासे होते.

“खेळता का?” तिनं विचारलं.

काय खेळायचं हे कळायच्या आत आम्ही दोघंही ‘हो’ म्हणालो. तिनं ‘विहिरीत उडी मारता का’ विचारलं असतं तरी तेच म्हणालो असतो.

खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं आणि ‘मी आता असं करतो’ म्हणायचं. ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. त्यातला एक तर वीस बाजूंचा. पुण्यात मैत्रिणींबरोबर ती हा खेळ खेळायची म्हणे. आम्हाला पत्ताच नव्हता. आम्ही तिला नेहमी पगाराबद्दलच विचारत आलो होतो.

ती गोष्ट सांगू लागली आणि आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत राहिलो. तीन महिने दोन शब्दांवर भागवणारी ही मुलगी. तिच्या गोष्टीत एक नदी होती, पाण्याची नव्हे, धुक्याची. तिच्या तळाशी एक गाव होतं आणि तिथली माणसं मान वर करून, डोक्यावरून होड्या जाताना बघायची. नदीपलीकडे काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तिकडून फक्त वास यायचा, ओल्या गवताचा. ती बोलत होती आणि गॅलरीतून खरंच धुकं घरात येत होतं. आमच्याकडे पावसाळ्यात ते येतंच, न विचारता, पाहुण्यासारखं. टेबलाचे पाय दिसेनासे झाले. बाहेर भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्या रस्त्यात अडकून हॉर्न वाजवत होत्या.

“हे नदीतले रेडे,” मुलगी म्हणाली. “धुक्यात वाट चुकले की ओरडतात.”

त्या दिवसापासून मला रविवारच्या हॉर्नचा राग येत नाही.

बायको तलवारवाली झाली. पहिल्या अर्ध्या तासात तिनं एका पुलाच्या राखणदाराला, तो बिचारा नुसता ‘नमस्कार’ म्हणत असताना, खाली ढकललं. पंचवीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलेली बाई. “काय बरं वाटलं हो,” म्हणाली.

मी वाटाड्या झालो. वाटाड्याला एक जादूचा प्राणी सोबतीला मिळतो. लांडगा होता, ससाणा होता, अस्वल होतं. खेळाच्या नियमांच्या जाडजूड पुस्तकात अगदी शेवटी खेकडा होता.

“बाबा, खेकडा कुणीच घेत नाही.”

“मी घेतो. टाकव्याच्या बांधावर खेकड्यांच्या बिळात हात घालतच मी लहानाचा मोठा झालोय.”

प्रत्यक्षात एकदाच घातला होता. अंगठ्यावर खूण अजून आहे.

खेळातलं एकेक प्रकरण संपलं की सोबतीचा प्राणी एक पायरी वर चढतो, आणि त्याला कसला जोर द्यायचा हे आपण ठरवायचं. नांग्या मोठ्या करायच्या, चाल वाढवायची, उजेड वाढवायचा की कवच जाड करायचं? मी कवच जाड केलं. पुढच्या पायरीलाही कवच. चार पायऱ्या, चारही वेळा कवच.

“बाबा, उजेड वाढवा ना एकदा.”

“आधी बाहेरून पक्का होऊ दे. उजेडाचं मग बघू.”

तिनं कागदावर लिहून घेतलं. हे वाक्य तिनं माझ्या तोंडून आधीही ऐकलं असणार, खेकड्याचा संबंध नसताना.

आता माझा पराक्रम. दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा भाचा तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात मोठ्या जागेवर आहे. मी त्याच्यामार्फत मुलीची मुलाखत ठरवून टाकली. सोमवारी सकाळी अकरा वाजता. मुलीला न विचारता.

बायकोनं ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. हे चांगलं लक्षण नव्हतं.

“तिला सांगितलंत तर दार पुन्हा लागेल. आणि या वेळी रविवारीसुद्धा उघडणार नाही.”

“रविवारी खेळ संपल्यावर सांगतो. तेव्हा ती खुशीत असते.”

“म्हणजे तेवढी एक जागा उरलीय, तिथंही खत टाका.”

तो आखाडातला शेवटचा रविवार होता. दुपारी टाकव्याहून माझी आत्या आली. पंचाहत्तरीची बाई, जीप आणि लोकल बदलून, मांडीवर भोकाभोकांच्या झाकणाचा डबा घेऊन.

“श्रावन लागायच्या आत खाऊन घ्या म्हनलं. सकाळीच धरल्यात.”

डबा ओट्यावर ठेवला तर आतून खरडल्याचा आवाज येऊ लागला. बायकोनं झाकण किलकिलं केलं आणि मला हाक मारली, “अहो, तुमच्या सोबत्याचे पाहुणे आलेत. वाटण लावते.”

आत्या टेबलाशी येऊन बसली. “ह्यो काय खेळ मांडलाय?”

मुलीनं समजावलं.

“म्हंजी नुसतं बोलायचं? मंग मला येतंय.”

आम्ही धुक्याच्या नदीच्या काठाला पोचलो होतो. माझ्या खेकड्यानं पुढं होऊन उजेड दाखवायचा आणि आम्ही मागोमाग उतरायचं, असा बेत होता.

“बाबा, उजेड दिसत नाहीये,” मुलगी म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. “कवच इतकं जाड झालंय की आतला उजेड बाहेर पडत नाही. त्याला आत वाढायला जागाच राहिली नाही. तो काठावर थांबलाय. पाय उचलत नाही.”

खेकड्यासाठी मला वाईट वाटलं. वीस बाजूंचा फासा हातात घेऊन बसलेला चोपन्न वर्षांचा माणूस. पण सवय जात नाही.

“माझी एक पायरी शिल्लक आहे ना? नांग्या दे मोठ्या.”

“आरं येड्या,” आत्या म्हणाली, “त्याला हलता येईना आन तू नांग्या कुटं बसवतूस? पाठ टाकू दे की त्याला.”

“पाठ टाकू दे म्हणजे?” मुलीनं विचारलं.

“खेकडा वाडतो कसा, ठावं न्हाई व्हय? बिळात जातो. पाठ उकलती. मागच्या मागं बाहेर पडतो, मऊ, लोन्यावानी. मंग पानी पिऊन फुगतो, मोठा व्हतो, आन हळूहळू टनक. आजच बांधाला एक मऊ घावला. ठेवला परत बिळात.”

“का गं आजी?”

“त्यात खायाला काय असतंय? नुसतं पानी. आन लय हात लावला तर दबतो, मंग वाकडाच टनक व्हतो.”

“आणि जुनी पाठ?”

“ती खातो की. टाकून देतो व्हय? सवताचीच हाय.”

मुलीनं पुस्तकाची पानं उलटली. मागं गेली, पुढं आली, मग मिटून बाजूला ठेवलं.

“पुस्तकात असा नियम नाही,” ती म्हणाली. “पण खेकडा आजीला जास्त माहितीय.”

तिनं कोरा कागद घेतला आणि लिहिता लिहिता सांगू लागली. “तो बिळात गेला. आता मऊ आहे. चालणार नाही, लढणार नाही, उजेड देणार नाही. कुणी बोट जरी लावलं तरी संपला. वाटाड्यानं बिळाच्या तोंडाशी पहारा द्यायचा. हाक मारायची नाही. डोकावायचं नाही. काही द्यायचं नाही.”

“बदामसुद्धा?” बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

मुलगी हसली. फाल्गुनापासून पहिल्यांदा, आणि मोठ्यानं. आत्याला काही कळलं नाही, तरी तीही हसली. मी पण हसलो, कारण एवढ्या जणांत एकट्यानं न हसणं बरं दिसत नाही.

“किती दिवस?” मी विचारलं.

“ते खेकड्याला विचारत नाहीत, बाबा.”

मग रस्सा झाला, भाकरी झाली. आत्या नांग्या फोडून मुलीच्या ताटात टाकत होती. खेळ संपला होता, ती खुशीत होती, माझ्या ठरलेल्या वेळेनुसार आता सांगायचं होतं. मी घसा खाकरला. बायकोनं माझ्याकडे चौथीच्या वर्गाकडे बघतात तसं बघितलं.

“रस्सा वाढ जरा,” मी म्हणालो.

हात धुऊन गॅलरीत गेलो आणि गिऱ्हाइकाला फोन लावला. समोरची इमारत धुक्यात विरघळली होती. मी नदीच्या तळाच्या गावातून फोन करतोय असं वाटत होतं.

“उद्याचं जमणार नाही,” मी म्हणालो.

“का वो भाऊ? पोरगी आजारी हाय का?”

“नाही. मी तिला विचारलंच नव्हतं.”

“मंग आता विचारा की.”

“नाही विचारणार.”

“भाऊ, मी भाच्याला शब्द दिलाय. येडं हाय का तुमी?”

“व्हय,” मी म्हणालो. हे काही खोटं नव्हतं.

वळलो तर मुलगी गॅलरीच्या दारात उभी होती, हात पुसत. किती ऐकलं माहीत नाही. माझ्याकडे बघितलं, नॅपकिन दारावर टाकला आणि खोलीत गेली. दार लागलं. पण कडीचा आवाज यायचा तो आला नाही. मी बराच वेळ ऐकत होतो.

पुढचा आठवडा लांबच लांब गेला. बदाम बंद, कात्रणं बंद, भिंतीशी बोलणं बंद. दुकानात एक मावशी आल्या. “भाऊ, लावनी हून आठ दिस झालं, भात पिवळं पडलंय. काय टाकू?” मी म्हणालो, मुळं धरू देत, थोडं थांबा. मालकानं मान वर करून बघितलं. मावशी समोरच्या दुकानातून पुडी घेऊन गेल्या.

रविवारी डबी घेऊन ती बाहेर येईल का, हे मी बायकोला चार वेळा विचारलं. पाचव्यांदा विचारायच्या आत ती आली.

तो रविवार आमच्या खेळातला सर्वांत निवांत रविवार. काही म्हणजे काही घडलं नाही. मी बिळाच्या तोंडाशी बसलो होतो आणि ती सांगत होती, हळू, डोळे अर्धे मिटून. आत अंधार आहे. त्याला सगळं ऐकू येतं. पानावरून थेंब पडलेला, गवतातून गेलेला साप, वाटाड्यानं बदललेली मांडी. बाहेर कुणीतरी बसलंय एवढं त्याला कळतं. जुनी पाठ शेजारी पडलीय, अगदी त्याच्याच आकाराची, आणि तिच्याकडे बघताना त्याला भीती वाटते, की मी यात मावत कसा होतो.

खोलीत धुकं भरलं होतं. बायको टिपं गाळत होती की सर्दी होती, मी विचारलं नाही. न विचारायला मी शिकत होतो.

वाटेवरून पक्षी आले, माणसांच्या आवाजात बोलणारे. ‘अजून नाही का आला बाहेर? आमचा तर कधीच आला.’

“बाबा, हाक न मारण्यासाठी फासा टाका. दहाच्या वर हवे.”

मी टाकला. तीन पडले. बायकोच्या तलवारवालीनं लगेच पुढं होऊन माझ्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पक्षी हाकलले. हा हात तिनं टेबलापलीकडून माझ्या तोंडावरही ठेवला, खराखुरा, कांद्याच्या वासाचा.

असे तीन रविवार मी पहारा दिला. चौथ्या रविवारी दुपारी कामशेतहून घरी आलो तर दारामागचा खिळा रिकामा. ऑफिसची बॅग टेबलावर उघडी होती. तिच्यात ते जाडजूड पुस्तक, आमच्या तिघांचे कागद, पेन्सिली. ओळखपत्राची निळी पट्टी कापून तिनं फाशांच्या नव्या पिशवीला नाडी केली होती. मी एकही प्रश्न विचारला नाही. दोन आले होते.

“खेकडा बाहेर आलाय,” ती म्हणाली. “पाठ अजून पातळ आहे. उजेड मात्र पार तळापर्यंत जातोय. खालच्या गावातली माणसं डोळ्यांवर हात धरून वर बघतायत. निघायचं का?”

मी फासा उचलला. “मी पुढं होतो.”

“तुम्ही नको, बाबा. त्याला पुढं जाऊ दे.”

मी मागं झालो. माझ्या वाटाड्याला तसाही रस्ता माहीत नव्हता.